डेड्रिक तलवार निम्म्या भावात नका विकू
मॉरोविंड या व्हिडिओ गेममध्ये दुकानदाराकडे पैसेच नसतात म्हणून डेड्रिक तलवारी (फार महागडी शस्त्रं) मिळेल त्या भावात फुंकाव्या लागतात असं बरेच जण म्हणतात, ते नेहमीच्या दुकानांपुरतं बरोबर आहे. पण काल्डेरा गावात घोराक मॅनर या वाड्यात क्रीपर नावाचा छोटा स्कँप (एक राक्षसी प्राणी) बसतो ना, तो पूर्ण किमतीला घेतो, घासाघीस नाहीच, आणि त्याच्याकडची 5000 सोन्याची नाणी गेममधल्या दर 24 तासांनी परत भरतात.

आता खरी मेख अशी की आधी रोज थोडी थोडी चिलखतं विकून त्याच्याकडे माल साठवायचा, मग 20000 ची वस्तू दिली की 15000 ची चिलखतं परत उचलायची अन् वर 5000 रोख, तीच चिलखतं पुढचे तीन दिवस पुन्हा त्यालाच विकायची. मी अख्खा रविवार तिथे वेट करत (गेममधला वेळ पुढे ढकलत) काढलाय, पण एक दमडी सोडली नाही!