सही असलेलं पहिलं कार्ड घ्यायचंय: स्टिकरवालं घेऊ की रुकी कार्ड?

साधा_कलेक्टर:
मंडळी, सल्ला हवाय. खेळाडूंची छापील कार्डं बरीच वर्षं जमवतोय पण सगळी साधी, सही असलेलं एकही नाही, आणि आता ठरवलंय की माझ्या सगळ्यात आवडत्या खेळाडूचं (नव्वदच्या दशकात गाजलेला बेसबॉलवाला, आता निवृत्त) एक तरी सहीचं कार्ड घ्यायचंच. ऑनलाइन दोन दिसतायत, दोघांची किंमत जवळपास सारखी. पहिलं त्याचं रुकी कार्ड, म्हणजे कारकिर्दीच्या सुरुवातीच्या वर्षाचं, त्यावर निळ्या मार्करने मोठी मोकळी सही, फोटोत बघूनच जीव अडकला. विकणारा म्हणतो की खेळाडूसमोर उभं राहून घेतलीय, आणि स्वतःचं सर्टिफिकेट देतोय. दुसरं कंपनीचं आहे, बऱ्याच नंतरच्या सेटमधलं, त्यावर एक पारदर्शक स्टिकर आहे आणि सही त्या स्टिकरवर, मागे कंपनीने छापलंय की सही खरी असल्याची हमी. मन म्हणतं पहिलं घे. तुम्ही काय केलं असतं? आणि सही खरी की खोटी हे फोटोवरून कळतं का थोडंफार तरी?

निळी_शाई:
पहिलं, आत्ता ज्या अवस्थेत आहे त्या अवस्थेत, अजिबात घेऊ नका. कार्डाबद्दल काही म्हणणं नाही, आक्षेप त्या सर्टिफिकेटला आहे. विकणाऱ्याने स्वतः छापलेलं सर्टिफिकेट म्हणजे तोच सांगतोय की मी खरं बोलतोय, त्यात नवीन पुरावा काय आला? नव्वदच्या दशकात अमेरिकेत एफबीआयने ऑपरेशन बुलपेन नावाची मोठी कारवाई केली होती, खोट्या सह्या करणाऱ्यांची अख्खी साखळी पकडली, त्या टोळीकडे सर्टिफिकेटंसुद्धा व्यवस्थित छापलेली असायची. जप्त केलेल्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉल निघाले होते, यावरून अंदाज घ्या की लोक काय काय खरं मानून विकत घेत होते. त्यानंतर 2001 पासून मेजर लीग बेसबॉलने स्वतःची ऑथेंटिकेशनची पद्धत सुरू केली, वस्तूवर होलोग्राम आणि नंबर.

कंपनीच्या कार्डाचं वजन वेगळं असतं कारण खेळाडूने सही करून ती थेट कंपनीकडेच दिलेली असते, मध्ये तिसरा माणूस नसतो. दुकानात मिळणाऱ्या कार्डांच्या पाकिटात अशी खरी सही टाकायची सुरुवात अप्पर डेक या कार्ड कंपनीने 1990 मध्ये केली, रेगी जॅक्सनने सही केलेली आणि नंबर घातलेली 2500 कार्डं होती. आज ज्याला आपण पॅक ऑटो (पाकिटातून निघालेली सही, ऑटो म्हणजे ऑटोग्राफ) म्हणतो ते तिथून आलं.

तरीही रुकीच हवं असेल तर विकणाऱ्याला एकच विचारा: पीएसए, जेएसए किंवा बेकेट या सह्या तपासणाऱ्या कंपन्यांपैकी कुणाकडून तपासून देतोस का, नापास झालं तर पैसे परत? खरा माणूस यावर चिडत नाही.

फोटोवरून म्हणाल तर थोडं कळतं. खरी सही वेगात झालेली असते, रेघेची सुरुवात आणि शेवट निमुळता होत जातो. नकल करणारा अक्षर हळू काढतो म्हणून रेघ थरथरते, टोकं बोथट राहतात, मध्येच पेन थांबल्याचे शाईचे ठिपके दिसतात. आणि एकाच विकणाऱ्याकडच्या दोन कार्डांवरच्या सह्या एकमेकींवर ठेवून तंतोतंत जुळल्या तर ती ऑटोपेनची (सही उमटवणाऱ्या मशीनची) किंवा शिक्क्याची समजा, कुठलाच माणूस दोनदा हुबेहूब सारखी सही करत नाही.

तिसरी_स्लिप:
निळी_शाई यांच्याशी सहमत, पण स्टिकरवालंही मी घेतलं नसतं, निदान पहिलं म्हणून तरी नाही. स्टिकर ऑटो कसं होतं माहितेय ना, खेळाडूला नुसते स्टिकरांचे ताव पाठवतात, तो बसून धडाधड सह्या करतो आणि ते स्टिकर पुढे कुठल्या कार्डावर लागणार हे त्याला माहीतही नसतं. सही खरीच असते, त्यात शंका नाही, पण त्या कार्डाला त्याचा हात लागलेला नसतो. मला हे फार खुपतं. वर सही कधी कधी स्टिकरच्या कडेला कापली जाते, जुने स्टिकर कोपऱ्यातून सुटतात, बुडबुडे येतात.

तुम्हाला रुकी कार्डाची ओढ आहे आणि हमीही हवी, मग बायबॅक ऑटो शोधा ना! कंपनीच जुनी खरी कार्डं बाजारातून परत विकत घेते, त्याच खेळाडूकडून त्यावर सही करून घेते आणि नव्या पाकिटात टाकते. टॉप्स या कार्ड कंपनीचा आर्काइव्ह्ज सिग्नेचर सिरीज हा सेट याच कल्पनेवर उभा आहे, कार्ड सीलबंद प्लॅस्टिकमध्ये येतं आणि वर नंबर असतो. म्हणजे कार्ड त्या काळातलं, सही थेट कार्डावर, हमी कंपनीची. तुमच्या खेळाडूचं नेमकं रुकी वर्षाचंच मिळेल असं नाही पण त्याच्या खेळायच्या दिवसांतलं मिळायला हरकत नाही. फक्त सील फुटलेलं असेल तर सोडून द्या.

अक्षरवेडी:
एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहिते, सही *कधीची* आहे तेही बघा. एकाच खेळाडूची सही पहिल्या वर्षी पूर्ण नाव, प्रत्येक अक्षर सुटं आणि दहा वर्षांनी नुसती एक लाट असं सर्रास होतं, कारण नंतर त्याच्यासमोर हजारो कार्डांचे ढीग येतात. त्यामुळे ताडून बघताना त्याच काळातल्या खात्रीच्या सहीशी ताडा, नाहीतर खरी सही खोटी वाटेल आणि खोटी खरी.

हार्मन किलब्रू हा मिनेसोटा ट्विन्स या बेसबॉल संघाचा जुना खेळाडू माझ्यासाठी म्हणूनच खास आहे. तो शेवटपर्यंत सुंदर, वाचता येईल अशी सही करायचा, आणि नवीन पोरांनाही सांगायचा की नाव नीट लिहा, समोरच्याला वाचता आलं पाहिजे. ट्विन्सच्याच नंतरच्या टोरी हंटरला त्याने हेच सुनावलं होतं आणि हंटरने सही सुधारली. या दोघांच्या सह्या शेजारी ठेवून बघा एकदा, मला तर त्यात एका माणसाने दुसऱ्याला दिलेला वारसा दिसतो. मी नाव वाचता येत नसेल तर ते कार्ड घेतच नाही, भले कितीही दुर्मिळ असो, ही माझी आवड, सगळ्यांनी मानावी असं नाही.

साधा_कलेक्टर:
सगळ्यांचे मनापासून आभार. रुकीवाल्याला मेसेज केला होता तपासणीबद्दल, तो म्हणाला माझं सर्टिफिकेट पुरेसं आहे, घ्यायचं तर घ्या. सोडलं. बायबॅक शोधतोय आता, एक सापडलंय आणि सही अख्खी वाचता येते :) आणखी दोन प्रश्न. एकजण मला रिडेम्प्शन कार्ड देऊ करतोय ते काय प्रकरण असतं? आणि घरी आल्यावर फ्रेम करून भिंतीवर लावू का?

निळी_शाई:
रिडेम्प्शन म्हणजे सेट छापायच्या वेळेपर्यंत खेळाडूच्या सह्या आल्या नाहीत की कंपनी पाकिटात एक कोड असलेलं कार्ड टाकते, कोड भरला की सही झाल्यावर खरं कार्ड तुम्हाला पाठवतात. त्यावर मुदत छापलेली असते. मुदत गेलेलं असेल तर तो नुसता पुठ्ठा आहे, आणि कोड आधीच कुणी वापरलेला आहे का हे फोटोवरून कळायला मार्ग नाही. पहिल्या खरेदीत या भानगडीत पडू नका.

स्लॅबमधलं (तपासणाऱ्या कंपनीने कडक प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करून लेबल लावलेलं) घेणार असाल तर लेबलवरचा नंबर त्या कंपनीच्या साइटवर टाका, तिथे फोटो असेल तर सहीची रेघ न् रेघ जुळवा. खोटे स्लॅबही फिरतात, नुसता नंबर बरोबर निघाला म्हणून खूश होऊ नका.

सावलीतलं_कपाट:
भिंतीवर नको हो, प्लीज. निळ्या मार्करच्या सह्या उन्हाने हळूहळू जांभळट होऊन पुसट होत गेलेल्या मी बघितल्यात, आणि एकदा उडालेली शाई परत येत नाही. थेट ऊन तर नकोच, खिडकीतून येणारा उजेड आणि ट्यूबलाइटही वर्षानुवर्षं पडत राहिली तर परिणाम करते. यूव्ही काच लावली तर वेग कमी होतो, थांबत नाही. मी सगळी बंद डब्यात ठेवते आणि बघायची इच्छा झाली की काढते, तेव्हा जास्तच आनंद होतो.

बायबॅक सीलबंद आलं तर ते तसंच राहू द्या, वरून एक मऊ पिशवी घाला, प्लॅस्टिकला चरे पडणार नाहीत. पुढे सुटी सहीची कार्डं घेतलीत तर आधी पातळ स्लीव्ह (प्लॅस्टिकची पिशवी) मग टॉपलोडर (कडक प्लॅस्टिकचं पाकीट), साध्या जाडीच्या कार्डाला 35 पॉइंटचा पुरतो (पॉइंट म्हणजे जाडीचं माप), जर्सीचा तुकडा असलेल्या जाड कार्डाला 130 किंवा त्याच्या वरचा लागतो, जाड कार्ड बारीक टॉपलोडरमध्ये कोंबलं की कडा गेल्या म्हणून समजा. पीव्हीसीची जुनी पानं वापरू नका, काही वर्षांनी चिकट होतात आणि शाई ओढून घेतात. आणि सहीवर बोट फिरवायचा मोह फार होतो, तो आवरा, चकचकीत कार्डावर शाई आत मुरत नाही, नुसती वर बसलेली असते.

तिसरी_स्लिप:
सापडलेल्या बायबॅकचा मागच्या बाजूचा फोटोही मागवा, सीलच्या कडा नीट दिसतील असा. आणि आलं की इथे टाका, आम्हाला बघायचंय.