नऊ वर्षांच्या मुलीला चाई: औषधापलीकडचे प्रश्न कोणाला विचारावेत?

कृष्णाकाठची आई: जूनमध्ये वेणी घालताना माझ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या कानामागे रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा दिसला. आता तसे पाच चट्टे आहेत आणि डाव्या भुवईचे टोकही विरळ झाले आहे. त्वचारोगतज्ज्ञांनी चाईचे निदान केले, स्टेरॉइडचे मलम दिले आणि दोन महिन्यांनी बोलावले. उपचारांबद्दल माझी तक्रार नाही. परंतु बाहेर रांग मोठी होती आणि जे विचारायचे होते ते मनातच राहिले. सासूबाईंच्या मते केसांना कीड लागली आहे, तेव्हा गुंज उगाळून लावावी. शेजारच्या वहिनींनी आपल्या मुलीला आमच्याकडे पाठवणे बंद केले आहे, आणि शाळेत बाईंनी वर्गासमोरच तिचा कंगवा वेगळा ठेवण्यास सांगितले. रात्री मुलगी विचारते, "आई, केस परत येतील ना?" हो म्हणावे तर खोटे ठरण्याची भीती वाटते, आणि नाही म्हणवत नाही. ज्यांनी हे अनुभवले आहे, त्यांनी कृपया सांगावे.

विदर्भवासी: ताई, मला बाविसाव्या वर्षी, लग्नाची बोलणी चालू असताना चाई झाली; पुढे डोक्यावरचे सर्व केस आणि पापण्याही गेल्या. नातेवाइकांच्या आग्रहाने बिबा लावला आणि टाळू भाजली, तो व्रण आजही आहे. म्हणून गुंज लावू नका. सासूबाईंची माया खरी आहे, पण त्यांना पुढच्या तपासणीला सोबत न्या आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. पापण्या गेल्यावर डोळ्यांत धूळ जाते आणि त्यासाठी साधा चष्मा उपयोगी पडतो, हे मला कोणीही सांगितले नव्हते. उघड्या टाळूला ऊन लागते, तेव्हा टोपी किंवा रुमाल हवा. केसांचा टोप घ्यायचा की नाही, हे मात्र मुलीलाच ठरवू द्या. माझ्यासाठी तो घरच्यांनी ठरवला होता, आणि केस जाण्यापेक्षा ते लपवलेच पाहिजेत, या सक्तीचे दुःख मला अधिक झाले.

त्वचारोगतज्ज्ञ: चाईत कीड नसते आणि ती संसर्गजन्यही नसते. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून केसांच्या मुळांवर हल्ला करते; मुळे नष्ट होत नाहीत, म्हणूनच वर्षांनंतरही केस उगवू शकतात. लहान मुलांच्या डोक्यावर बुरशीमुळे होणारा गजकर्ण खरोखर पसरतो, परंतु त्यात बहुधा कोंड्यासारखे पापुद्रे आणि तुटके केस दिसतात. बाईंचा गैरसमज यातून झाला असावा. आपल्या डॉक्टरांकडून "हा आजार संसर्गजन्य नाही" असे दोन ओळींचे पत्र अवश्य मागून घ्या.

केस येतील का, याचे प्रामाणिक उत्तर असे की मोजकेच चट्टे असलेल्या बऱ्याच जणांचे केस वर्षभरात परततात, काही वेळा आधी पांढरे येतात, आणि पुढे पुन्हा जाऊही शकतात. लहान वयात सुरुवात, पसरलेले चट्टे किंवा नखांवरचे बारीक खळगे असल्यास आजार अधिक चिवट ठरण्याची शक्यता असते. अमेरिकेत बॅरिसिटिनिब हे औषध जून २०२२ मध्ये तीव्र चाई असलेल्या प्रौढांसाठी आणि रिटलेसिटिनिब जून २०२३ मध्ये १२ वर्षे व त्यापुढील वयाच्या रुग्णांसाठी मान्य झाले. ही औषधे प्रतिकारशक्ती दाबतात, त्यामुळे ती सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी आवश्यक असते, आणि ती थांबवल्यावर केस पुन्हा गळणे सामान्य आहे. नऊ वर्षांच्या मुलीसाठी कोणी ऐकीव माहितीवर या गोळ्या सुचवल्यास कृपया घेऊ नका.

निवृत्त प्राथमिक शिक्षिका: वर्गासमोर सूचना देणे चुकीचेच झाले, आणि एक शिक्षिका म्हणून मला त्याचे वाईट वाटते. बाईंना शाळा सुटल्यावर एकट्या भेटा, पत्र दाखवा आणि वर्गात काय सांगायचे ते मुलीला आधी विचारा. माझ्या वर्गातील एका मुलाने स्वतः उभे राहून "हे कोणाला लागत नाही आणि दुखतही नाही" एवढेच सांगितले होते. पण दुसऱ्या एका मुलीला त्याविषयी अवाक्षरही नको होते, आणि आम्ही तेही पाळले. तुमची मुलगी शाळेत जाणे टाळू लागली, तिचे जेवण किंवा झोप कमी झाली, तर समुपदेशकाची भेट लांबवू नका.

कृष्णाकाठची आई: आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. काल रात्री मी तिला सांगितले की केस येण्याची आशा बरीच आहे, पण केव्हा ते डॉक्टरांनाही ठाऊक नसते, आणि ते आले काय, न आले काय, रोज सकाळी मी तिच्याजवळ बसणारच. पुढच्या भेटीसाठी आम्ही दोघींनी वहीत प्रश्न लिहिले आहेत. तिचा पहिलाच प्रश्न असा आहे की मलम चालू असताना पोहायला गेले तर चालेल का?

त्वचारोगतज्ज्ञ: चालेल. पोहून आल्यावर डोके धुऊन कोरडे करावे आणि मगच मलम लावावे, असे तिला सांगा.