तोतया, बहुरूपी की आणखी काही?

एक शब्द अडलाय बघा. आमच्या शहापुरातल्या वाचक मंडळींसाठी एका कादंबरीचा परिचय लिहायलोय. पोरगा पुरात गेलेल्या घरात बऱ्याच वर्षांनी एक जण मीच तो म्हणून येतो, आईला पहिल्याच रात्री कळतं हा आपला नव्हे म्हणून, तरी ती ताट वाढते आणि धाकट्या लेकीला काही सांगत नाही. एका काकांनी बहुरूपी सुचवलंय. चालेल?

निपाणीहून : बहुरूपी नको ओ. तो पोलीस होऊन दारात आला, वॉरंट आहे म्हणून दरडावला तरी सगळ्यांना माहीत असतंय सोंग आहे, आपण हसून पैसे देतो. तोतया खऱ्या माणसाची जागाच मागतो. आता पेपरात तोतया पोलीस, तोतया डॉक्टर सर्रास येतं पण जुना वापर बघा, भाऊसाहेबांचा तोतया, म्हणजे तोतया कुणाचा तरी असतो. सदाशिवरावभाऊ 1761 ला पानिपतावर गेले पण पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत वैधव्य पत्करलं नाही, आणि भाऊच परत आले म्हणणाऱ्या त्या माणसामागं 1776 मध्ये कोकणात माणसं आणि किल्ले गेले, वर्ष संपायच्या आत त्याला देहदंड झाला. गेलेल्याची वाट बघणारं कुणी असल्याशिवाय तोतया उभाच राहत नाही, असं मला मनापासून वाटतं.

खानापूरहून : पटलं, पण इथं आई फसलेलीच नाही की. मग तिच्या लेखी तो तोतया कसा? मानलेला म्हणावं तर ते चारचौघांत बोलून होतं, मानलेला भाऊ म्हणतो तसं. दत्तकाला तर विधी लागतो, आणि तेवढं करूनही आपल्या कित्तूरला 1824 मध्ये शिवलिंगप्पाला कंपनीनं वारस मानलं नाही, त्यावरून चन्नम्मा राणी लढली. या बाईनं ना विधी केला ना कुणाला सांगितलं, माहीत असून घरात घेतला. मी 'पदरात घेतला' लिहीन. यात त्याचं खरंखोटं येत नाही, तिनं काय केलं तेवढंच येतं.

शहापूरहून : हे बसतंय! आईबद्दल लिहिताना पदरात घेतला असंच लिहितो. आणि बहिणीचं?

निपाणीहून : तिला दोघांनी मिळून फसवलंय, ती राखी बांधत आल्या त्याला. तिच्या बाजूनं लिहिताना तोतयाच ठेवा, तिथं शब्द मऊ करू नका.