घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा फोटो: ८५ची लेन्स की ३५ची?

खानापूरवाला

बारा वर्षं झाली, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात लग्नं, बारशी, वास्तुशांतीचे फोटो काढतोय. दर पावसाळ्यात कुणीतरी भिजत दुकानात येतं, मोबाईल पुढं करतं आणि म्हणतं, "आजी गेली. भिंतीवर लावायला मोठा करून द्या की."

मोबाईलमध्ये कुठल्या तरी लग्नातला ग्रुप फोटो असतो. आजी तिसऱ्या रांगेत, अर्धा चेहरा कुणाच्या तरी फेट्याआड. नाहीतर नातवानं हातभर अंतरावरून टिपलेला फोटो. मी तो कापतो, साफ करतो, चौकटीत बसवून देतो. पण नाक फुगलेलं आणि कान मागं गेलेले असतात. ती त्यांची आजी दिसत नाही. घरच्यांना ते कळतं, फक्त बोलून दाखवत नाहीत.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. आपल्या भागातल्या प्रत्येक छोट्या स्टुडिओकडं ८५ मिमीची प्राइम लेन्स (झूम न होणारी, लांबून चेहरा जवळ आणणारी) हवी, आणि प्रत्येक लग्नात पंधरा मिनिटं घरातल्या म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवायला हवीत. एफ १.८ची साधी लेन्स पुरते, एफ १.४ची महागडी नको (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं आणि उजेड जास्त येतो). निकॉनची ८५ एफ १.८जी साडेतीनशे ग्रॅमची आहे, दिवसभर गळ्यात अडकवली तरी मान दुखत नाही.

कारण साधं आहे. मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्यानं खांद्यापासून डोक्यापर्यंत चौकट भरायची तर साधारण ४५ सेंटिमीटरवर जावं लागतं. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत बारा सेंटिमीटर धरले, तर नाक कानाच्या मानानं पाव पट मोठं उमटतं. तीच चौकट फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ८५नं भरायला सुमारे १ मीटर ४० सेंटिमीटरवर उभं राहावं लागतं. तिथून हा फरक आठ-नऊ टक्क्यांवर येतो. पाटावर बसून बोलणाऱ्या माणसाला आपण जेवढ्या अंतरावरून बघतो, तेवढंच हे अंतर. चेहरा ओळखीचा वाटतो तो त्यामुळं.

वडगावचा विणकर

दादा, तुमची तळमळ पटते, लेन्स पटत नाही.

माझ्या आज्जीचा असा फोटो आमच्याकडं आहे. चांगल्या फोटोग्राफरनं बागेत नेऊन काढलेला. चेहरा स्वच्छ, मागं नुसता हिरवा धूर. बाई कोण होती, कुठं बसायची, त्यातलं काहीच कळत नाही. तिचं सगळं आयुष्य मागाशेजारी कांड्या भरण्यात गेलं. आमच्या पोरांना तो फोटो दाखवला की ती विचारतात, "ही कुठं गेली होती?" घरातल्या बाईचा फोटो बघून पोरांनी हे विचारावं, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि जागेचं काय? आमची खोली दहा बाय दहाची, त्यातला अर्धा भाग मागानं खाल्लेला. भिंतीला पाठ टेकवून अडीच मीटरवरून ८५ लावली तर उभ्या चौकटीत एक मीटरच्या थोडं वर येतं. म्हणजे डोक्यापासून कमरेपर्यंत, संपलं. त्याच जागेवरून ३५ मिमीच्या रुंद लेन्सनं अडीच मीटर येतात. आज्जी, माग, खिडकी, भिंतीवरची रेणुकादेवी, सगळं. मला विचाराल तर ३५च.

निपाणी फोटो

नवीन पोरांसाठी एक गोष्ट, कारण यात मी स्वतः फसलो. वरचे सगळे हिशेब फुल फ्रेमचे आहेत. आपल्याकडं बहुतेकांच्या हातात क्रॉप बॉडी, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा, आहे. निकॉनच्या क्रॉपवर ८५ लावली की ती १२७सारखी वागते. उभ्या माणसाचा डोक्यापासून पायापर्यंत फोटो घ्यायला सात मीटर मागं जावं लागतं. लग्नाच्या कार्यालयात सात मीटर मागं गेलो की मध्ये तीन मामा, दोन मावश्या आणि व्हिडिओवाला. पहिल्या हंगामात निम्मे फोटो तसेच गेले.

क्रॉप असेल तर ५० एफ १.८ घ्या. ती ७५सारखी दिसते, सव्वाचार मीटरवरून पूर्ण माणूस येतो आणि किंमत ८५पेक्षा कितीतरी कमी.

टिळकवाडी

खानापूरवाल्या दादांचा हिशेब बरोबर आहे, श्रेय मात्र चुकीच्या जागी गेलंय. चेहरा लेन्सनं बदलत नाही, अंतरानं बदलतो. १ मीटर ४० वर उभं राहून ५०नं फोटो घ्या आणि नंतर कापा, नाक-कानाचं प्रमाण तेच राहील. थोडे पिक्सेल जातील, भिंतीवरच्या बारा बाय अठराच्या फोटोला ते जाणवणारही नाहीत. मग गरीब स्टुडिओवाल्याला वेगळी लेन्स घ्यायला का सांगायचं?

दुसरं, पूर्ण उघड्या एफ १.८ची हौस. दीड मीटरवर ८५ उघडी ठेवली तर पुढंमागं जेमतेम साडेतीन सेंटिमीटरच स्पष्ट येतं. नथ स्पष्ट, डोळे मऊ. डोळ्यांवर धरलं तर कानातल्या कुड्या गेल्या. म्हातारं माणूस थोडं पुढंमागं झुलतंच. शिवाय जुन्या ८५ लेन्सांवर पांढऱ्या धोतराच्या कडेला जांभळट रेघ येते, ती वेगळी. एफ ४ ठेवा, साडेसात सेंटिमीटर मिळतात.

खानापूरवाला

टिळकवाडी सर, अंतराचं मान्य. पण माणसाचा स्वभाव बघा. हातात ५० असली की चौकट भरायला पाय आपोआप पुढं जातात. मी स्वतः गेलोय, माझ्याकडं शिकलेली पोरंही जातात. ८५ त्यांना मागं थांबवते.

एफ ४ मात्र आमच्याकडं परवडत नाही. जांबोटी, कणकुंबीकडची घरं बघा. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, उतरतं छप्पर, आत एखादी काच लावलेली. जुलैत दुपारी दोन वाजता सोप्यात दिवा लावावा लागतो. किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर मिळणारी झूम) ५५ वर एफ ५.६ देते, एफ १.८ तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश घेते. पोर्ट्रेटसाठी खास भिंग पहिल्यांदा १८४०मध्ये जोसेफ पेट्झवालनं केलं, तेही उजेडासाठीच. तोवर माणसाला डोकं मागच्या आधाराला टेकवून फार वेळ हलू न देता बसवावं लागायचं. मागचं धूसर करणं ही नंतरची आवड. मी दाराशी बसवतो, एफ २.८ ठेवतो, शटर १/१६० सेकंदापेक्षा हळू नेत नाही, कारण माझ्या लेन्सला हात थरथरण्यावर उपाय नाही.

शहापूरची लेक

तुम्ही सगळे लेन्सवर बोलताय. आईला फोटोला बसवलंय का कुणी?

माझी आई म्हणाली, "आता माझा फोटो कशाला? न्यायला आलेत काय मला?" तिच्या डोक्यात एकट्या माणसाचा मोठा फोटो म्हणजे हार घातलेलाच फोटो. दोन वर्षं मी विषय काढला नाही. मग दिवाळीच्या पाडव्याला बाबांना ओवाळून झाल्यावर म्हटलं, दोघं बसा. इरकल लुगडं, खणाची चोळी, कपाळावरचं गोंदण. आधी दोघांचा काढला, मग बाबा पाणी प्यायला आत गेले तेव्हा तिचा एकटीचा. भावाकडची ८५ होती. मी लांब होते म्हणून ती कॅमेऱ्याकडं न बघता बाबांच्या वाटेकडं बघत राहिली. जवळ गेले असते तर तिनं पदर तोंडावर घेतला असता, मला खात्री आहे.

म्हणून मी ८५च्या बाजूनं. ती गेल्या वर्षी गेली. तोच फोटो लावलाय, आणि तो तिचाच दिसतो.

वडगावचा विणकर

ताई, वाचून गलबलून आलं. तुमच्या आईचा फोटो तसाच हवा होता.

तरी माझ्या घरापुरतं मी ३५वरच आहे. आमचे आप्पा शहात्तर वर्षांचे. बोलताना त्यांचा हात सतत मागाच्या लाकडावर असतो. चेहरा तेवढा घेतला तर तो हात सुटतो, आणि मला आप्पा त्या हातानंच आठवतील. खानापूरवाले दादा, तुम्ही वडगावला याल का? दोन्ही लेन्स घेऊन या.

खानापूरवाला

येतो. रविवारी सकाळी नऊपर्यंत पोचतो, तेव्हा पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत असेल. आप्पांना मुद्दाम नवीन धोतर नेसवू नका, आणि माग चालूच ठेवा.