आईच्या गुडघ्यांसाठी कॅल्शियम: गोळी चालू ठेवावी का?

उंबरठा:
आई 58 वर्षांची, दोन्ही गुडघ्यांना ऑस्टिओआर्थ्रायटिस (सांध्यांची झीज). एक्स-रेत गॅप कमी झालीय आणि कडेला हाड वाढलंय. कॅल्शियमची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, थायरॉईडच्या गोळीबरोबरच घेते. दूध घशाखाली उतरत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, हाड वाढलंय म्हणजे कॅल्शियम जास्त झालंय, बंद करा. काय करावं?

वरणफळ:
आधी वेळ बदला. थायरॉक्सिन (थायरॉईडची गोळी) आणि कॅल्शियममध्ये किमान चार तास हवेत. एकत्र घेतलं की थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही, टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा) चढतो आणि डोस उगाच वाढवला जातो. वेळ बदलल्यावर 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा.
पाकिटावर 'कार्बोनेट 1250 मिग्रॅ' असेल तर त्यात खरं कॅल्शियम 500. त्याला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून जेवताना घ्यायचं. पॅन्टोप्राझोल (ॲसिडिटीची गोळी) चालू असेल किंवा पोट साफ होत नसेल तर डॉक्टरांना कार्बोनेटऐवजी कॅल्शियम सायट्रेटबद्दल विचारा.
काकूंचं सोडा. कूर्चा (सांध्यातल्या हाडांवरची गादी) झिजली की सांध्याच्या कडेला नवं हाड येतं, खाण्यातल्या कॅल्शियमशी त्याचा संबंध नाही. पण गोळीने कूर्चाही भरून येत नाही, दुखणंही थांबत नाही. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात, कॅल्शियम त्यासाठी.

तीळकूट:
आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2020 च्या शिफारशीनुसार पाळी गेल्यानंतर दिवसाला 1200 मिग्रॅ लागतं. दूध नको तर दही द्या, 150 ग्रॅमच्या वाटीत साधारण 180. नाचणीत 100 ग्रॅमला 350 च्या आसपास, म्हणजे 60 ग्रॅम पिठाच्या भाकरीतून दोनशेच्या वर. सत्त्व मात्र फडक्यातून गाळू नका, कॅल्शियम कोंड्यात जास्त असतं आणि ते चोथ्याबरोबर टाकलं जातं. शेवग्याचा पाला उत्तम. पालकावर भिस्त नको, त्यातलं कॅल्शियम पालकातलाच ऑक्झलेट नावाचा घटक अडवून धरतो. आहारातून किती जातंय ते मोजा, उरलेल्यापुरतीच गोळी, आणि एका वेळी 500 च्या वर नाही.

फिजिओ_डोंबिवली:
गुडघ्याला आराम मांडीच्या स्नायूंनी मिळतो. उताणं झोपून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा खाली दाबत मांडी आवळायची, 5 सेकंद धरायची. एका पायाला 10 वेळा, सकाळ-संध्याकाळ. बायका हमखास श्वास रोखतात, म्हणून मोठ्याने आकडे मोजायला लावा. काठी जास्त दुखणाऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. विळी खाली मांडून बसणं बंद, भाजी ओट्यावर चिरा. वजन जास्त असेल तर एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी उतरतो.

उंबरठा:
खूप आभार! डी जीवनसत्त्वाची पावडरही आणलीय, 60,000 युनिटची. रोज एक द्यायची का?

वरणफळ:
रोज अजिबात नाही! कमतरता असेल तर सहसा आठवड्याला एक, 8 आठवडे. पुढे डॉक्टर सांगतील तसं. रोज घेणं झालंच असेल आणि मळमळ, खूप तहान, वारंवार लघवी सुरू झाली असेल तर पावडर आणि कॅल्शियम दोन्ही थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) बघावं लागेल.