संवादी डिजिटल मांडणी : प्रेक्षक हात हलवून पुढे निघून जातो, काय करावे?

पंचगंगाकाठ यांचा प्रश्न :

सर्वांना नमस्कार. मी कोल्हापुरात चित्रकला पदविकेच्या अंतिम वर्षात शिकते. वार्षिक प्रदर्शनासाठी पंचगंगेच्या पुरावर एक मांडणी करीत आहे. अंधाऱ्या खोलीत भिंतीवर प्रोजेक्टरने पाण्याचे हलते चित्र पडते, समोर उभ्या असलेल्या माणसाची हालचाल वेबकॅम टिपतो आणि त्यानुसार पाण्यावर तरंग उठतात. त्यासाठीचा कोड मी ‘प्रोसेसिंग’ या दृश्यकलेसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिला आहे.

वर्गातल्या उजेडात सर्व सुरळीत चालते, परंतु अंधार केला की कॅमेऱ्याला माणूस नीट दिसत नाही. उलट भिंतीवरचे हलते पाणीच त्याला माणसाची हालचाल वाटते, आणि तरंगांतून नवे तरंग उठत राहतात. मला अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. पाहायला आलेले लोक हात हलवतात, हसतात, मोबाइलवर चित्रफीत काढतात आणि निघून जातात. २०१९चा पूर आमच्या घराने पाहिला आहे, पण त्यातले काहीच त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय ‘यात तुझ्या हाताचे काम कुठे आहे?’ असा प्रश्न परीक्षक विचारतील, असे मार्गदर्शक सरांनी सांगितले आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उजेडजोडणी :

मी नाटकांसाठी आणि प्रदर्शनांसाठी प्रकाश व प्रोजेक्टरची जोडणी करतो, म्हणून केवळ पहिल्या अडचणीबद्दल लिहितो. कॅमेऱ्याला प्रोजेक्टरचा उजेड दिसूच नये, अशी व्यवस्था करा. प्रोजेक्टरच्या उजेडात अवरक्त (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारे) किरण फारसे नसतात. त्यामुळे सीसीटीव्हीसाठी मिळणारा अवरक्त दिवा खोलीत लावून, अवरक्त किरण टिपणाऱ्या कॅमेऱ्यापुढे दृश्य प्रकाश अडवणारी काच बसवली, तर भिंतीवर काहीही चालले असले तरी कॅमेऱ्याला फक्त माणसे दिसतात. हे साहित्य मिळाले नाही, तर कॅमेरा छताला टांगून सरळ जमिनीकडे रोखा. भिंत चौकटीतच येणार नाही. माणसाची पूर्ण आकृती मात्र त्यात मिळत नाही. किती जण आहेत आणि कुठे उभे आहेत, एवढेच कळते.

प्रोजेक्टर ठरवण्यापूर्वी त्याचे अंतर आणि चित्राची रुंदी यांचे गुणोत्तर पाहा. ते १.५ असेल, तर ३ मीटर रुंद चित्रासाठी ४.५ मीटर अंतर लागते आणि प्रेक्षकाची सावली चित्रावर पडते. ०.५ गुणोत्तराचा प्रोजेक्टर दीड मीटरवरून तेवढेच चित्र देतो. सावली नको असेल, तर तोच भाड्याने घ्या. संगणकाचे आपोआप होणारे अपडेट आणि स्लीप बंद ठेवा, आणि वीज जाऊन आल्यावर मांडणी स्वतःहून सुरू होईल अशी सोय करा, कारण प्रदर्शनात दिवसभर तुम्ही शेजारी उभ्या असालच असे नाही.

रेषाछाया :

तांत्रिक बाजू वरच्या प्रतिसादात आली आहे. मला वाटते, तुमची खरी अडचण तरंगांची आहे. हात हलवला की पाणी हलते, हा खेळ झाला, आणि माणसे त्याच्याशी खेळतात यात त्यांचा दोष नाही. पूर कुणाच्या हात हलवण्याने येत नाही. पाऊस वर, नदीच्या उगमाकडे पडतो, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडतात आणि कोल्हापूरकर राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडून ४३ फुटांच्या धोक्याकडे सरकताना पाहत राहतात. कारण दूर असते आणि परिणाम उशिरा येतो. हेच तुमच्या कोडमध्ये आणा. आत्ता उभ्या असलेल्या माणसांमुळे चढणारे पाणी त्यांच्यानंतर येणाऱ्यांना दिसू द्या.

दृश्यकलावंत शिल्पा गुप्ता यांची २००६-०७ची ‘शॅडो’ ही संवादी मांडण्यांची मालिका अवश्य अभ्यासा. माणसाच्या हालचाली टिपणारा ‘किनेक्ट’ कॅमेरा २०१० साली बाजारात आला, त्याआधीचे हे काम आहे. प्रेक्षकाची सावली पडद्यावर येते, वरून घरंगळत येणाऱ्या वस्तू तिला चिकटत जातात, आणि त्या झटकता येत नाहीत. प्रेक्षकाचा सहभाग तिथे आशयातूनच आलेला आहे. त्यांचे शिक्षण सर ज. जी. कला महाविद्यालयात शिल्पकलेचे झाले, हेही परीक्षकांना सांगता येईल. त्याच संस्थेत चित्रकला शिकलेल्या नलिनी मालानी यांनी पारदर्शक नळकांड्यांवर हाताने चित्रे रंगवली, ती फिरती ठेवली आणि त्यांतून प्रकाश व चलच्चित्र सोडले. जर्मनीतल्या ‘डॉक्युमेंटा’ या कलाप्रदर्शनात २०१२ साली त्यांचे असे काम होते. तेव्हा तुमचे पाणीही तुम्हीच रंगवा. घरांच्या भिंतींवर उरलेल्या पुराच्या खुणांची रेखाटने करा, ती स्कॅन करून चित्रात घ्या, आणि मूळ कागद बाहेरच्या खोलीत लावा. हाताच्या कामाबद्दलच्या प्रश्नाला यापेक्षा स्वच्छ उत्तर नाही.

पंचगंगाकाठ :

दोघांचेही मनापासून आभार. कॅमेरा छतावरूनच लावते. एक शंका राहते : परिणाम पुढच्या प्रेक्षकाला दिसणार असेल, तर आत्ता उभ्या असलेल्या माणसाला आपला काही संबंध आहे हे कसे कळावे?

रेषाछाया :

दोन वेग ठेवा. माणूस आत येताच त्याच्या समोरच्या पाण्यात लगेच लहानसा बदल व्हावा, उदाहरणार्थ तेवढ्या भागाचा रंग गढूळ व्हावा. मांडणीने आपल्याला पाहिले, हे त्याला तेवढ्याने कळते. पातळी मात्र सावकाश चढू द्या आणि भिंतीवर फुटांची पट्टी रंगवा. बाहेर पडताना दाराजवळ एक ओळ लिहिलेली असावी : ‘तुम्ही आत असताना चढलेले पाणी अजून आत आहे.’ ‘हात हलवा’ अशी सूचना कुठेही लावू नका. आणि रोज सकाळी पाणी शून्यावर आणायचे की कालच्या पातळीवरूनच पुढे न्यायचे, हे प्रदर्शन उघडण्याआधी ठरवा. मी असतो, तर शून्यावर आणले नसते.