मदत हवी आहे: १८ व्होल्टचा पल्स देऊनही फ्लोटिंग गेट सेलचा व्हीटी (थ्रेशोल्ड व्होल्टेज) हलत नाही

रात्रपाळी: टीकॅडमध्ये (चिपच्या भागांचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) फ्लॅश मेमरी सेलचं प्रोग्रामिंग चालवतोय, म्हणजे इन्सुलेटरने वेढलेल्या फ्लोटिंग गेटमध्ये इलेक्ट्रॉन भरतोय. कंट्रोल गेटला १८ व्होल्ट, १०० मायक्रोसेकंद. फाउलर-नॉर्डहाइम (जोरदार फील्डमध्ये इलेक्ट्रॉन ऑक्साइडमधून पार जाण्याचं मॉडेल) चालू आहे. रन विनातक्रार संपतो, पण व्हीटी जेमतेम दीड-दोन मिलिव्होल्ट सरकतो. कुठे बघू? घाई आहे.

मेशवेडा: मेश (गणितासाठी पाडलेली जाळी) बघा. ऑक्साइडच्या सीमेवर बारीक हवा.

उलटतपासणी: थरांची जाडी? २डी की ३डी? फ्लोटिंग गेटला सीमाअट कोणती?

रात्रपाळी: २डी, अर्थात. टनेल ऑक्साइड ८ नॅनोमीटर, वरचा ओएनओ (ऑक्साइड-नायट्राइड-ऑक्साइड थर) ऑक्साइडच्या हिशेबाने १४. फ्लोटिंग गेट पॉली (पॉलिसिलिकॉन).

उलटतपासणी: पॉली हे मटेरियल झालं, अट नव्हे. चार्ज कॉन्टॅक्ट दिलाय का? सुरुवातीचा चार्ज शून्य ठेवून विभव सॉल्व्हरला काढू द्यायचा. तिथे व्होल्टेज बांधून टाकलंत तर कितीही इलेक्ट्रॉन आले तरी विभव ढिम्म.

रात्रपाळी: चार्ज कॉन्टॅक्टच आहे हो.

ट्रॅपप्रेमी: फ्लोटिंग गेट सोडा, ट्रॅपमध्ये चार्ज अडकवणारा नायट्राइड थर घ्या. फक्त त्याला इन्सुलेटर ठेवू नका. ५ इव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट) बँडगॅपचा सेमिकंडक्टर म्हणून द्या, नाहीतर चार्ज आत सरकतच नाही.

उलटतपासणी: हे विचारलंय कुणी?

कागदपेन्सिल: जाडी आली, आता हिशेब करा. २डीत दोन्ही कपॅसिटरचं क्षेत्रफळ सारखं, म्हणून कपलिंग (कंट्रोल गेटच्या व्होल्टेजचा फ्लोटिंग गेटवर येणारा वाटा) ८/(८+१४) = ०.३६. फ्लोटिंग गेटवर ६.५ व्होल्ट, ऑक्साइडमध्ये साधारण ८.२ एमव्ही/सेंमी (मेगाव्होल्ट दर सेंमी; सब्सट्रेटवरचा ड्रॉप सोडला). खऱ्या सेलमध्ये कंट्रोल गेट फ्लोटिंग गेटच्या बाजूंवरूनही उतरतो, त्यामुळे कपलिंग ०.६ च्या आसपास जातं. ते धरलं तर १३.५ एमव्ही/सेंमी. करंट फील्डवर घातांकी, त्यामुळे सुरुवातीच्या करंटमध्ये लाखो पटींचा फरक. तुमच्या छेदात त्या बाजूच नाहीत! तात्पुरता उपाय: ओएनओचा के (डायइलेक्ट्रिक स्थिरांक) ३.९ वरून १०.२ करा.

मेशवेडा: के फिरवणं म्हणजे उत्तर जुळवणं. आधी मेश.

कागदपेन्सिल: सपाट थरात ऑक्साइडमधलं फील्ड सगळीकडे सारखंच. मेशने लाखो पटींचा फरक कसा भरून निघेल? फ्लोटिंग गेटच्या कोपऱ्यांवर मात्र मेश लागतो, मान्य. आणि के वाढवल्यावर कडेचं फ्रिंज कपलिंगही फुगतं, तेव्हा शेवटचे आकडे ३डीतूनच घ्या.

रात्रपाळी: के १०.२ केला, व्हीटी व्होल्टांत सरकला. आता पल्स चढतानाच कन्व्हर्जन्स तुटतोय, सॉल्व्हर उत्तरावर स्थिरावत नाही.

उलटतपासणी: चढाई किती वेळाची? परत तेच, माहिती अर्धी.

रात्रपाळी: १ नॅनोसेकंद.

कागदपेन्सिल: १ मायक्रोसेकंद करा. १०० च्या पल्समध्ये तेवढ्याने बिघडत नाही. पहिली टाइमस्टेप पिकोसेकंदात, पुढे दर वेळी फार तर दीडपट.

ट्रॅपप्रेमी: रिटेन्शन (साठवलेला चार्ज किती टिकतो) ८५ अंशांवर तपासताना तापमान फक्त ट्रॅपच्या मॉडेलला देऊ नका, पूर्ण डिव्हाइसला द्या.

रात्रपाळी: रिटेन्शन अजून दूर आहे हो. १ मायक्रोसेकंदाने रन पुढे सरकतोय.